रॉकेल हीटर: वात अडकते, ज्योत पिवळी

प्रश्न:
जपानमधल्या साप्पोरोत आमचा हा दुसरा हिवाळा. वातीचा हीटर काल काढला. पेटतो, पण ज्योत एका बाजूने पिवळी उठते, डोळे चुरचुरतात, वात अर्ध्यावर अडकते. रॉकेल मार्चमध्ये उरलेलंच आहे. घरात दहा महिन्यांचं बाळ, जिवाला घोर लागलाय.

उत्तर १:
ताई, आधी हीटर बंद करा, खिडकी उघडा. मग पांढऱ्या कपात थोडं रॉकेल ओतून बघा. चांगलं असेल तर पाण्यासारखं दिसतं. पिवळट किंवा आंबूस असेल तर वापरू नका. मोरीत न ओतता पेट्रोलपंपावर घेतात का विचारा. जुन्या रॉकेलची काजळी वातीच्या टोकाला डांबरासारखी धरते, म्हणून ती अडकते. अडकलेली वात खाली गेली नाही तर हीटर विझतही नाही, हे फार वाईट.

उत्तर २:
काचतंतूची वात असेल तर चांगल्या रॉकेलवर, हवेशीर जागी, टाकी संपून आपोआप विझेपर्यंत जळू द्या; थर जळून जातो. कापसाची असेल तर हे अजिबात करू नका, ती वातच जळेल. आमची आई स्टोव्हच्या वाती कात्रीने सारख्या करायची, पण इथे माहितीपुस्तिका बघूनच काय ते करा.

प्रश्नकर्ती:
कपात बघितलं, अगदी फिक्या चहासारखं! वातीचं टोक काळं, कडक, नखाने टकटक वाजतंय. नवीन वात मागवलीय. तोवर बाळाला घेऊन गरम हवा देणाऱ्या एसीच्या खोलीत झोपतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्मही आजच आणते.