मोठ्याने वाचून दाखवायला रहस्यकथा आणि अद्भुतकथा सुचवा

कोपरीची_लेक:

नमस्कार मंडळी. माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. उभी हयात वागळे इस्टेटमध्ये लेथवर गेली. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात पण चेहरा दिसत नाही, असं ते सांगतात. अक्षरं तर गेलीच.

बाबा रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांची पुस्तकं लहानपणी भाड्याने आणून एका रात्रीत वाचायचे, कारण दुसऱ्या दिवसाचे पैसे नसायचे. म्हणून मी रोज जेवणानंतर त्यांना वाचून दाखवते. माझी मुलगी आठवीत आहे, तीही येऊन बसते.

ऑडिओबुक लावून पाहिलं. दहा मिनिटांत बाबा झोपले. "थांब, मघाशी दिवा कोणी विझवला म्हणालीस?" असं त्या यंत्राला विचारता येत नाही ना.

बाबा ऐकताना अडकित्त्याने सुपारी कातरतात. हाताच्या सवयीने होतं ते, डोळे लागत नाहीत. गोष्ट रंगली की अडकित्ता थांबतो. मला तेवढ्यावरून कळतं.

गेल्या महिन्यात रद्दीवाल्याकडून कव्हर नसलेली एक जुनी रहस्यकथा आणली. तीन रात्री सलग अडकित्ता थांबला. चौथ्या रात्री इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो आणि पुस्तक संपतं! शेवटचा फर्माच गायब, सोळा पानं. बाबांनी खुनी म्हणून मुनीम ठरवला, मुलीने धाकटी सून. अजून वाद चालू आहे आणि मला फार चुटपुट लागून राहिली आहे.

बाबांना तपास हवा, मुलीला जादू. पात्रं थोडी असावीत, वर्णनं लांबलचक नकोत. वाचताना जीभ अडखळली तर ऐकणाऱ्याचं मन उडतं, हे माझ्या चांगलंच लक्षात आलंय. काय वाचू?

घणसोली_लोकल:

ताई, डोळे झाकून गुप्तहेर फेलूदाची पुस्तकं घ्या. सत्यजित राय यांनी मुलांच्या 'संदेश' मासिकासाठी १९६५मध्ये सुरू केलेल्या कथा, मराठीत अशोक जैन यांनी आणल्या. गोष्ट सांगतो तो तोपसे, फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ. पहिल्या कथेत त्याचं वय तुमच्या मुलीएवढंच आहे. सगळं 'मी'मधून असल्यामुळे वाचून दाखवताना आवाज आपोआप लागतो. मी ठाणे-वाशी गाडीत उभ्याने वाचलेत, कोपरखैरणे कधी गेलं कळत नसे.

'बादशाही अंगठी'पासून सुरुवात करा. लखनौ, औरंगजेबाची अंगठी, मोजकी माणसं. जटायू 'सोनार केल्ला'मध्ये भेटतो, तो स्वतः रहस्यकथा लिहिणारा लेखक. बाबांना तो माणूस फार आवडेल.

खाडीकाठ:

भयकथा लिहिणारे नारायण धारप कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. 'लुचाई' रात्री त्या मुलीसमोर वाचू नका. स्टीफन किंगच्या १९७५च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली कादंबरी आहे, भीती हळूहळू अंगात भिनते. मी चाळिशीत वाचली आणि गॅलरीचं दार दोनदा तपासलं. धारपांच्या समर्थ-कथा मात्र चालतील. समर्थ आणि अप्पा ही जोडी आहे, संकट अमानवी असलं तरी त्याच्याशी सामना पद्धतशीर असतो. बाबांना तपासाची चव मिळेल, मुलीला जादूची.

नाथमाधवांची जुनी अद्भुत कादंबरी 'वीरधवल' माझी लाडकी. सिंहगडावर शिकारीला गेलेला हा लेखक कड्यावरून पडला, अधू झाला आणि अंथरुणावर पडून लिहू लागला. पण त्यातली वाक्यं लांब आहेत. आधी मनात एकदा वाचून, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून मगच मोठ्याने वाचा.

जुन्या प्रतींसाठी रद्दीवर अवलंबून राहू नका. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे, वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. आणि पुस्तक कुठूनही आणा, घेताना शेवटचं पान आधी बघा.

वाशी_सेक्टर_नऊ:

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात वाचून दाखवण्याच्या अनुभवावरून एकच सुचवते: टॉल्कीनचं 'हॉबिट', जादूच्या जगातली सफर. १९३७मध्ये छापलं गेलं, पण त्याआधी त्यांनी ते घरी आपल्या मुलांना ऐकवलं होतं, आणि वाचताना ते जाणवतं. अंधाऱ्या गुहेत नायक बिल्बो आणि तिथे राहणारा विचित्र गोलम एकमेकांना कोडी घालतात, ते प्रकरण आलं की पुस्तक मिटा आणि उत्तरं बाबांना आणि मुलीला विचारा. घाई करू नका. बुटक्यांची तेरा नावं मात्र पाठ करायच्या भानगडीत पडू नका, तीन-चार लक्षात राहिले की पुरे.

'हॅरी पॉटर आणि परीस' मुलीला वाचायला द्या. तिने आजोबांना वाचून दाखवावं. जोडाक्षरांवर अडखळेल, अडखळू दे.

कोपरीची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. 'बादशाही अंगठी' परवा संपली.

लखनौचा इमामबाडा आला तेव्हा अडकित्ता थांबला, पण कारण वेगळंच निघालं. बाबा तिथे कंपनीच्या सहलीत गेले होते! मला थांबवून त्यांनी भुलभुलैया सांगितला, आणि मग तो मोठा दिवाणखाना. एका टोकाला काडी ओढली की दुसऱ्या टोकाला ऐकू येते. गाईडने ओढली आणि यांनी ऐकली. हे मी त्रेचाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

मुलीला लगेच करून बघायचं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, मी पंखा बंद केला. कोपरीत रात्री साडेनऊला शांतता कसली असणार, गाड्यांचा आवाज सुरूच होता. बाबा बाहेरच्या खोलीत मान किंचित कलती करून बसले.

"पहिली लागली नाही," ते म्हणाले. "दुसरी लागली. आणि काडी तू गॅसजवळ नाही, खिडकीपाशी ओढलीस."

मुलगी आली ती काडेपेटी हातात घेऊनच. खिडकीपाशीच ओढली होती तिने. आता ती त्यांना फेलूदा म्हणते आणि स्वतः तोपसे झाली आहे.

'सोनार केल्ला' आणलंय. शेवटचं पान बघून घेतलं, आहे.