विषय: मुलाचं ओसीआय – आता विमानात घेतील का?

केतकी (न्यू जर्सी), २३ मे २०२०
कालचं परिपत्रक वाचलंत का? आईबाबा भारतीय आणि अल्पवयीन मूल ओसीआयवालं (परदेशी नागरिक, पण भारतीय वंशाचं कार्ड असलेलं), तर वंदे भारतमध्ये, म्हणजे कोरोनात अडकलेल्यांना परत नेणाऱ्या सरकारी विमानांत, चालेल म्हणे. मागच्या खेपेला विहानचा अमेरिकन पासपोर्ट बघून आमचं नाव मागे पडलं. नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळतात ते माझे ६० दिवस ३० तारखेला संपतात. या नियमाने कुणी आलंय का? जन्मदाखला मागतात का?

अप्पा (दांडिया बाजार, बडोदा)
आधी आय-५३९ भर, व्हिसाचा प्रकार बदलायचा फॉर्म. बी-२ चा, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसाचा, अर्ज अडकून असला तरी राहता येतं. आमच्या भाच्याची नोकरी २००९ साली गेली, तेव्हा हे ६० दिवसही नव्हते, ते २०१७ पासून आले. आठवड्यात गाशा गुंडाळला बिचाऱ्याने.

केतकी
भरलाय अप्पा. ४५५ डॉलर गेले. मी विचारलं होतं जन्मदाखल्याचं.

सुलभाताई (रावपुरा)
तोवर डबे का नाही करत? तिकडे गुजराती पुष्कळ आहेत.

केतकी
ताई, या व्हिसावर डब्याचा एक डॉलर घेतला तरी पुढचं सगळं बोंबलेल. नोकरीच शोधतेय. काल मुलाखत पार्किंगमध्ये गाडीत बसून दिली. मागे विहान खाकरा खात होता, पलीकडचे विचारतात, लाइनमध्ये खरखर कसली? त्याचा बाबा मार्चमध्ये पासपोर्टवर व्हिसाचं स्टँपिंग करायला तिकडे आला तो बडोद्यात गोत्रीला अडकलाय. अमेरिकन वकिलातीने १६ मार्चपासून अपॉइंटमेंटच रद्द केल्यात.

सचिव
व्हिसाची चर्चा कृपया खासगीत करा. अहमदाबादहून गाडीचं मी बघतोय, कुणी परस्पर ठरवू नये.

अप्पा
परस्पर कोण ठरवतंय? गणपतीच्या मांडवाचंही तुम्ही असंच 'बघत' होतात.

सुलभाताई
मांडव राहू द्या. पोराला हॉटेलात चौदा दिवस कोंडणार का?

विहानचा बाबा (गोत्री), २५ मे
कालच्या नियमात सवलत आहे. दहा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर १४ दिवस घरीच राहायची परवानगी मिळू शकते. मी आईकडे जाईन, वरचा मजला रिकामा ठेवतो. संडास-बाथरूम वेगळं आहे. आरोग्य सेतूसाठी इथलं सिम घेऊन ठेवलंय.

सचिव
छान. गाडी किती वाजता पाठवू?

केतकी
कौन्सुलेटचा मेल आला, यादीत दोघांचीही नावं आहेत. जन्मदाखल्याची प्रत बरोबर ठेवा म्हणालेत. मुंबई की अहमदाबाद ते अजून कळवलेलं नाही, तेव्हा काका, गाडी आत्ताच धरू नका.