पहिली रोड बाईक: अॅल्युमिनियम + १०५ की कार्बन + टिअॅग्रा?

दमछाक:
मंडळी, मदत हवीये. हायब्रिडवर (सरळ हँडलची, जरा ताठ बसायची सायकल) आता मन भरत नाही, ग्रुपसोबत निघालो की सपाटीला स्पीड ३० च्या वर गेला की मी मागे. रोजचं ट्रेनिंग आणि अधूनमधून एखादी रेस, एवढंच करायचंय. एकाच बजेटमध्ये दोन बाईक बसतायत, अॅल्युमिनियम फ्रेमला शिमानो १०५ (गिअर-ब्रेकचा सेट) नाहीतर कार्बनला टिअॅग्रा (शिमानोचाच एक पायरी खालचा सेट). त्यात दुकानवाला म्हणतो ५४ साईजची फ्रेम घ्या नाहीतर ५६, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलला की दोन्ही बसतील. उंची ५ फूट ९. काय घेऊ?

चेनल्यूब:
डोळे झाकून अॅल्युमिनियम. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बहुतेक कार्बनचाच येतो, चेक कर. फ्रेममध्ये अर्धा किलो वाचला असं धरलं तरी तू आणि सायकल मिळून ८० किलो असाल तर तो एक टक्कासुद्धा नाही, आणि तू सपाटीला मागे पडतोयस ते वजनामुळे नाहीच रे, हवेमुळे. नुसती हवा कापायला ३० पेक्षा ३६ च्या स्पीडला जवळपास पावणेदोनपट पॉवर लागते आणि त्यात मोठा वाटा तुझ्या स्वतःच्या अंगाचा, फ्रेमचा नाही. दुसरं म्हणजे टिअॅग्रा १० स्पीड (मागे १० चकत्या), ग्रुपमधल्यांची चाकं ११-१२ वाली असणार, रेसला कुणाचं उसनं चाक लावलंस तर गिअर कडकड करत बसणार.

उभा_चढ:
मटेरियलचं नंतर बघू, आधी साईज. ५४-५६ हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यावर जाऊ नको. जॉमेट्री चार्टमध्ये (कंपनीचा फ्रेमच्या मापांचा तक्ता) स्टॅक आणि रीच बघ (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस जिथे फिरतो, त्याच्या मध्यापासून हेड ट्यूब, म्हणजे हँडलखालची फ्रेमची नळी, तिच्या वरच्या टोकापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं म्हणजे रीच). स्टेमने एखाद-दोन सेंमी निभावतं, पण १०० मिमीचा काढून ७० चा लावायला लागला तर फ्रेमच मोठी आहे समज. टेस्ट राईडला ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग) धर, कोपरं वाकव आणि निदान दहा मिनिटं तसाच चालव, पार्किंगमध्ये एक चक्कर मारून काही कळत नाही. हात ताठ झाले, मान भरून आली की ती बाईक कितीही देखणी असो, सोड. दोन्ही ठीक वाटल्या तर लहान घे, लहान फ्रेमला सीटपोस्ट वर घेता येतो, स्टेम लांब करता येतो, मोठी काय कापणार आहेस?

दमछाक:
मग एन्ड्युरन्स जॉमेट्री (लांब पल्ल्यासाठी, जरा ताठ बसवणारी ठेवण) घेतली तर रेसला मार खाईन का?

उभा_चढ:
अजिबात नाही. रेस बाईकवर खाली वाकून पाच मिनिटांत उठून बसण्यापेक्षा एन्ड्युरन्सवर तासभर ड्रॉप्समध्ये टिकलास तर तूच पुढे.

चेनल्यूब:
+१. फक्त टायर क्लिअरन्स (फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो) ३२ मिमीपर्यंत आहे का विचार. २८ चे चांगले टायर टाक आणि हवा १०० पीएसआय ठोकू नको, तेवढी लागत नाही. गिअरिंगला पुढे ५०/३४, मागे ११-३४ (चकत्यांच्या दातांचे आकडे) मिळालं तर चढाला गुडघे शिव्या देणार नाहीत. आणि सगळं बजेट बाईकवर उडवू नको बाबा, रोड बाईक बरेचदा पेडलशिवाय येतात. पेडल, क्लीट (शूज पेडलला अडकवणारी पट्टी), शूज, हेल्मेट, पॅडवाली शॉर्ट्स यांचे पैसे आधी बाजूला काढ, मग दुकानात जा.