डिमेन्शियावर पीएचडी करून राहिली आहे, गाव सोडायचं नाही. फेलोशिप आणि ट्रेनिंग कुठून मिळेल?

दर्यापूरची_लेक
नमस्कार सगळ्यांना. माझं एमएसडब्ल्यू झालंय, मागच्या वर्षी सोशल वर्कमध्ये पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं, वय २९. विषय आहे खेड्यातले म्हातारे लोक आणि डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश), घरचे त्यांना कसं सांभाळतात ते. हा विषय घेतला आजीमुळे. शेवटची ३ वर्षं ती रोज संध्याकाळी पदराची ओटी करून कापूस वेचायला निघायची, भर उन्हाळ्यातसुद्धा, शेतात पऱ्हाटीचं एक झाड नसताना, आणि मला आत्याच्या नावाने हाक मारायची. सगळे म्हणायचे "म्हातारपन हाय बाई, चालतेच". तालुक्याला नेलं तर ताकदीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. या आजाराला नाव आहे हे मला एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला समजलं, तोवर ती गेली होती.

आता अडचण अशी की माझे गाइड खूप चांगले आहेत पण त्यांचं काम बचत गटांवर, म्हातारपणावर काम करणारं आमच्याकडे कोणीच नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यात गाडीच्या पेट्रोलचं भागते फक्त. मी डॉक्टर नाही, तर मला पैसे कोण देईल? आणि तपासणी कशी करायची, डेटा कसा पाहायचा हे शिकायचं कुठे? बाहेरच्या देशातल्या फेलोशिपबद्दल ऐकते पण फॉर्म पाहिला की घाबरायला होते.

यवतमाळ_रिसर्च
ताई, आधी घरचं पाहा, अमेरिका नंतर. पीएचडीसाठी राज्याच्या संस्था आहेत, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि एसबीसीसाठी (विशेष मागास प्रवर्ग) महाज्योती (हिचं ऑफिस तर नागपुरातच आहे), आदिवासी असाल तर टीआरटीआय. यांना विषयाशी घेणंदेणं नसते, डिमेन्शिया असो की दुसरं काही. यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ (ज्युनियर फेलोशिप) निघालं तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि पुढे एसआरएफला (सीनियर) ४२,०००. आयसीएसएसआरची (केंद्राची सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप सोशल सायन्सवाल्यांसाठीच आहे, ती सोडू नका. एकावेळी एकच फेलोशिप घेता येते हे लक्षात असू द्या. आणि जात वैधता, रजिस्ट्रेशनचं पत्र, गाइडचं पत्र हे सगळं आजच स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा, कारण जाहिरात आल्यावर धावपळ होते आणि तेव्हाच नेमकी तहसीलला सुट्टी असते. पैसे दर महिन्याला १ तारखेला येतील असं धरून मात्र चालू नका, माझे एकदा ८ महिने अडकले होते, त्या काळात बहिणीने मला पोसलं.

वर्ध्याचा_डॉक्टर
मी कम्युनिटी मेडिसिनवाला. तुमच्यासारख्यांची आम्हाला फार गरज आहे, हे मनापासून लिहून राहिलो. पैशाचं वरच्या भाऊंनी सांगितलंच, मी तपासणीचं सांगतो कारण बहुतेक नवीन लोक इथेच चुकतात.

एमएमएसई नावाची स्मरणशक्ती आणि समज तपासायची चाचणी सगळ्यांना माहीत असते, त्यात कागदावर वाक्य लिहायला सांगतात, वाचून डोळे मिटायला सांगतात. आपल्या गावातल्या ७५ वर्षांच्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे दिलं तर ती नापासच होणार, तिचा मेंदू ठणठणीत असला तरी. यासाठीच हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या टीमने हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार केली, १९९५ मध्ये छापून आली. तिथे वाचायच्या ऐवजी "माझ्याकडे पाहा, मी करतो तसं करा" आणि डोळे मिटून दाखवायचे, वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल काहीतरी बोलायचं. त्याच टीमचा रोजच्या कामांचा एक वेगळा स्केल आहे, ईएएसआय, कारण बँकेचे व्यवहार आणि फोन यावरून आपल्या आजीची परीक्षा घेता येत नाही. तुमची आजी ओटी करून निघायची ना, असं वागणं घरच्यांकडूनच समजते, म्हणून घरच्या माणसाची मुलाखत अर्धं काम आहे.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं आहेत, तुमच्यापासून फार लांब नाहीत. सायकियाट्री किंवा कम्युनिटी मेडिसिनमधल्या एखाद्या शिक्षकाला को-गाइड व्हा म्हणून सरळ मेल करा, एक पानाचं, गावांची नावं टाकून. आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी. सही न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार लागतो, आणि ज्याला नीट समजत नाही त्याची संमती घरच्यांनी दिली तरी तो माणूस स्वतः नको म्हणाला तर उठून यायचं.

आकडेवाली
ताई, गाडीचं पेट्रोल न जाळता काम सुरू करायचं असेल तर लासी पाहा. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेचा म्हातारपणावरचा देशभराचा सर्व्हे, पहिली फेरी २०१७-१८, ४५ वर्षांवरचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून जास्त लोक. फॉर्म भरला की डेटा फुकट मिळते. त्यातूनच ६० वर्षांवरच्या ४,०९६ लोकांची डिमेन्शियासाठी वेगळी सखोल तपासणी झाली, लासी-डॅड म्हणतात, आणि त्यावरून देशात साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक असा अंदाज निघाला. यावर एक पेपर झाला की फेलोशिपच्या फॉर्ममध्ये तुमचं वजन वाढते. पण एक सांगते, लासी राज्याच्या पातळीचं आहे, त्यातून "दर्यापूर तालुक्यात इतके" असं काढायला जाऊ नका, मी पहिल्या मसुद्यात हेच केलं होतं आणि रिव्ह्यूअरने बरोबर पकडलं. आर नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. तस्मानिया युनिव्हर्सिटीच्या विकिंग सेंटरचा अंडरस्टँडिंग डिमेन्शिया कोर्सही फुकट, इंग्रजी सोपं आहे, रोज रात्री अर्धा तास दिला तरी होते.

डब्लिन_रिटर्न
बाहेरचं मी सांगते. अमेरिकेच्या अल्झायमर्स असोसिएशनची रिसर्च फेलोशिप आहे ती पीएचडीनंतरची, आणि आधी लेटर ऑफ इंटेंट (थोडक्यात प्रस्ताव) द्यावं लागते, ते निवडलं तरच पूर्ण अर्ज. त्यांच्याच इस्टार्ट या संशोधकांच्या संघटनेचं विद्यार्थी सदस्यत्व आत्ताच घ्या, वेबिनार आणि ओळखी तिथे होतात. डीबीटी-वेलकमच्या इंडिया अलायन्सची फेलोशिपही पीएचडीच्या शेवटी किंवा नंतर पाहा. पण तुमच्यासाठी मला सगळ्यात जवळची वाटते ती अटलांटिक फेलोशिप, ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूटची, सॅन फ्रान्सिस्को किंवा डब्लिनला. तिथे डॉक्टरांसोबत समाजशास्त्रवाले, पत्रकार, कलाकार, सगळे असतात, "मी डॉक्टर नाही" ही भीती तिथे कामाची नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. बाहेरचा प्रोजेक्टचा पैसा कॉलेजच्या खात्यात यायचा असेल तर एफसीआरए (परदेशी पैसा घ्यायची सरकारी नोंदणी) लागते, आणि परदेशी लोकांसोबत आरोग्याचं संशोधन असेल तर आयसीएमआरमार्फत (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एचएमएससी या आरोग्य मंत्रालयाच्या समितीची मंजुरी. आमच्या कॉलेजला एफसीआरए नव्हतं हे ग्रँट मंजूर झाल्यावर समजलं. ग्रँट गेली. तुम्ही आधी विचारून ठेवा.

पुसद_४४
मी संशोधक नाही, शेती करतो. माझे वडील ४ वर्षांपासून असेच आहेत, आईला ओळखत नाहीत पण बैलाला ओळखतात. आमच्या घरी विचारायला आजवर कोणीच आलं नाही. तुम्ही आल्या तर चहा ठेवीन आणि जेवढं विचाराल तेवढं सांगीन.

दर्यापूरची_लेक
पुसदवाले काका, तुमचं वाचून रडायला आलं. एथिक्सची परवानगी आली की पहिला फोन तुम्हालाच.

बाकी सगळ्यांचे आभार, खरंच. आज लासीचा फॉर्म भरला आणि कॉलेजच्या ऑफिसात एफसीआरए विचारलं, क्लार्क काकांनी तीनदा स्पेलिंग विचारलं पण म्हणाले शोधतो. उद्या सेवाग्रामला मेल टाकते. डॉक्टर साहेब, एक पानाचा मसुदा इथेच टाकला तर पाहाल का? वऱ्हाडीत प्रश्न कसे विचारायचे तेही त्यात लिहिते, कारण "स्मरणशक्ती" म्हटलं तर कोणाला समजत नाही, "याद राह्यते का" म्हटलं की लगेच बोलतात.

वर्ध्याचा_डॉक्टर
टाका. रविवारी ओपीडी नसते, बसून पाहतो. तो "याद राह्यते का" वाला भाग सगळ्यात वर लिहा.