विरंगुळा कसला?

कुणीतरी लिहिलंय की अपंगत्वात संगीत म्हणजे ‘तेवढाच विरंगुळा’. मला नाही पटत. ‘ब्लॅक सबाथ’ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमीचंच बघा ना. कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, गिटारला बँजोच्या हलक्या तारा लावल्या. पुढे त्याने तारा सैलही केल्या, त्यातून आला तो जड, खर्जातला आवाज. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची करंगळी आणि अनामिका १९२८च्या आगीत जवळपास निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्याचे सोलो धावतात.

पक्षाघाताने वाचा गेलेले काही जण बोलू शकत नाहीत, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणतात. स्पीच थेरपीत याचा उपयोग करून घेतात. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) अडलेलं पाऊल कधीकधी ठेक्यावर सुटतं.

बाकी, व्हीलचेअर दिसली की गाणं ऐकायच्या आधीच ‘किती प्रेरणादायी’ म्हणणाऱ्यांचा मला भारी कंटाळा येतो. अहो, सूर लागला नसेल तर तसं सांगा की!