मदत हवी आहे : अनासक्ती आणि भक्ती वाढवणारे कॅथलिक आध्यात्मिक वाचन

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी भुसावळचा असून रेल्वेतून निवृत्त झालो आहे. गेल्या वर्षी वडिलोपार्जित केळीच्या शेताची वाटणी झाली, आणि जे माझे नव्हतेच त्यातही मन किती गुंतले होते हे मला तेव्हा प्रथमच उमगले. तेव्हापासून रोज पहाटे अर्धा तास आध्यात्मिक वाचन करावे असे मनाशी ठरवले आहे.

येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस (लोयोला) यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या आरंभीच म्हटले आहे, की आरोग्य वा आजार, संपत्ती वा दारिद्र्य, मान वा अपमान यांपैकी कशाचाही हट्ट न धरता, ज्यासाठी देवाने आपल्याला निर्माण केले त्याकडे जे अधिक नेईल तेच निवडावे. हे वाक्य मला सोडत नाही. परंतु हा ग्रंथ मुळात मार्गदर्शकाच्या सोबतीने करायच्या साधनेसाठी आहे, नुसता वाचून जाण्यासाठी नव्हे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध केलेला भक्तिजीवनावरील ग्रंथ प्रपंचात राहणाऱ्यांसाठीच लिहिलेला असल्याने तो मला अधिक जवळचा वाटतो.

या ग्रंथांची चांगली मराठी भाषांतरे कुठे मिळतील? सोळाव्या शतकातील स्पॅनिश गूढवादी संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या लेखनाकडे आताच वळावे, की आधी दुसरे काही वाचावे? फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य कोणी नित्य वाचनात ठेवले आहे का, आणि त्यातील ओव्या प्रार्थनेत कशा वापरता, हेही कृपया सांगावे. (आमच्या घरी आई रोझरीच्या जपमाळेनंतर अभंगाच्या चालीवर गात असे, त्यामुळे ओवी माझ्या मनाला लवकर भिडते.)