मदत हवी आहे: शाळा 'जोडायला' आमच्या समितीने संमती दिली म्हणे! ठराव रद्द होतो का?

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, खाडीकाठी आमची वाडी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट १४. दोन शिक्षकांपैकी एक आंतरजिल्हा बदलीने घाटावर गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. उरलेल्या बाईच प्रभारी मुख्याध्यापक. पोषण आहार त्यांच्याकडे, ऑनलाइन माहिती त्याच भरणार, त्यातून वेळ उरला तर पाच इयत्ता शिकवणार. बाईंबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते.

आता कळलं की शाळा व्यवस्थापन समितीने मुलं मोठ्या गावातल्या शाळेत पाठवायला संमतीचा ठराव दिलाय. मी समितीची सदस्य आहे. मला ना अजेंडा आला, ना निरोप. अध्यक्ष म्हणतात, "सभा झाली, तूच नव्हतीस." त्यांचा थोरला व्हॅनने इंग्रजी शाळेत जातो, धाकटा अजून इथे आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' (छोट्या शाळा मिळून एक मोठी) करण्याचे प्रस्ताव मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळच्या अशाच शाळांचा दाखला देऊन. तिसरीत एकटंच मूल बसलेलं मीही बघते, त्यामुळे ती कल्पना अगदीच टाकाऊ आहे असं मला वाटत नाही. पण नवी शाळा रस्त्याने साडेतीन किलोमीटर. साकवावरून जवळ पडते, पण आषाढात साकवावरूनच पाणी जातं. गाडीचं कोणी लेखी देत नाही.

वाडीत दोन तट पडलेत. पोरं म्हणतात शाळेला कुलूप ठोकू. मुंबईचं मंडळ म्हणतं, शाळा आमच्या वाडवडलांनी श्रमदानाने बांधली, हलू देणार नाही. (त्यांची नातवंडं डोंबिवलीत इंग्रजीत शिकतात, ते सोडा.) आमच्या नावावर दिलेली ही संमती खोडायची कशी?

प्रतिसाद (निवृत्त केंद्रप्रमुख):
ताई, आधी प्रोसिडिंग बुकातल्या त्या सभेच्या पानांची आणि सभेच्या नोटिशीची प्रत मागा. सदस्य म्हणून नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. त्या दिवशी कोण हजर होतं ते सह्यांवरून कळेल.

राज्याच्या २०११ च्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी असं आहे. तेव्हा अंतर आणि साकव तक्रारीत ठळक लिहा. तक्रार कलम ३२ खाली, जिल्हा परिषदेकडे. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, पटला नाही तर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. सोबत बाकीच्या पालकांच्या सह्या जोडा.

कुलूप मात्र लावू देऊ नका. उद्या कागदावर "पालकांनीच शाळा बंद पाडली" असं येईल.

धागाकर्ती:
धन्यवाद गुरुजी. पण कार्यालयात पोच द्यायला तयार नाहीत, साहेब फिरतीवर आहेत म्हणतात.

प्रतिसाद (निवृत्त केंद्रप्रमुख):
पोच द्यायला साहेब लागत नाहीत, आवक-जावकचा शिक्का पुरतो. तोही नाकारला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणि अध्यक्षांना एकदा घरी जाऊन भेटा, एकट्या नको, चार आया मिळून जा. धाकट्याच्या गाडीचं काय ठरलंय, एवढंच विचारा.